रंधा यंत्राचे दोष : लक्षणे, कारणे आणि उपाय

सुताराच्या हत्यारांत रंध्याचे स्थान मधले आहे. करवत लाकूड कापते, पटाशी खाच पाडते. परंतु कापलेल्या फळीला सपाटपणा, काटकोन आणि सारखी जाडी देण्याचे काम रंध्याकडे असते. हे काम नीट झाले नाही तर पुढचे कोणतेच काम नीट होत नाही. दोन फळ्यांच्या सांध्यात फट राहते, सरस धरत नाही, दार चौकटीत बसत नाही, टेबल डुगडुगते. हातरंध्याने हे काम करावयास एका कारागिराला जेथे अर्धा दिवस लागे, तेथे विजेवर चालणारे रंधा यंत्र ते काही मिनिटांत करते. म्हणूनच जोधपूर, सहारनपूर, करतारपूर यांसारख्या फर्निचरच्या केंद्रांपासून तालुक्याच्या गावातील पत्र्याच्या शेडपर्यंत ही यंत्रे पोहोचली आहेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला, त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पहिल्या कर्जाची परतफेड १८ महिन्यांत करावयाची असते. या तरतुदीमुळे यंत्र खरेदी करणे पूर्वीपेक्षा सुकर झाले. परंतु यंत्र विकणारा ते बसवून निघून जातो. त्यानंतर फळीच्या टोकाला खड्डा पडू लागला किंवा लाकूड मध्येच अडू लागले, तर त्याचे निदान करणारा माणूस गावात नसतो. यंत्र आठ दिवस बंद राहिले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. प्रत्यक्षात या यंत्रांचे बहुतेक दोष मोठ्या दुरुस्तीचे नसतात. एक सरळ पट्टी, एक गुण्या आणि थोडा संयम यांच्या आधारे ते ओळखता येतात.

दोन यंत्रे, दोन कामे

रंधा यंत्र म्हणून जे ओळखले जाते त्यात वस्तुतः दोन निरनिराळी यंत्रे येतात. सरफेस प्लेनरमध्ये फिरणारा कटर ब्लॉक खाली असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन टेबले असतात. ज्या टेबलावरून लाकूड पुढे ढकलले जाते त्यास आवक टेबल व कापलेली बाजू ज्यावर टेकते त्यास जावक टेबल म्हणता येईल. आवक टेबल जितके खाली, तितका लाकडाचा थर निघतो. या यंत्रावर फळीची एक बाजू सपाट होते आणि तिच्या आधाराने एक कड काटकोनात येते. थिकनेस प्लेनरमध्ये कटर ब्लॉक वर असतो, लाकूड रोलर खेचून नेतात आणि वरची बाजू खालच्या बाजूशी समांतर करून ठरावीक जाडी मिळते.

बाक आलेली फळी थेट थिकनेस प्लेनरमध्ये घालणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक होय. रोलरच्या दाबाखाली फळी तेवढ्यापुरती सरळ होते, वरचा थर कापला जातो आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपला बाक घेते. जाडी सर्वत्र सारखी, पण फळी वाकडीच. अशा वेळी कारागीर यंत्रास दोष देतो, मेकॅनिकला बोलावतो आणि खर्च करतो. यंत्र मात्र आपले काम अचूक करीत असते. आधी सरफेस प्लेनरवर एक बाजू, मग एक कड, त्यानंतर थिकनेस प्लेनर आणि शेवटी करवतीवर रुंदी हा क्रम पाळला, तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

टेबलाची पातळी

सरफेस प्लेनरचा सारा अचूकपणा एका गोष्टीवर अवलंबून आहे. जावक टेबलाचा पृष्ठभाग आणि फिरणाऱ्या पात्यांच्या धारेचा सर्वोच्च बिंदू एकाच पातळीत असले पाहिजेत. जावक टेबल खाली असेल, तर फळीचे शेवटचे टोक आवक टेबलावरून सुटताच ती कटर ब्लॉकवर खाली बसते आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये खड्डा पडतो. उलट जावक टेबल वर असेल, तर फळीचे पुढचे टोक टेबलाच्या कडेला अडते. ती जोराने पुढे रेटली, तर ती वर चढत जाते, कापाची खोली कमी कमी होत जाते आणि फळीला उतार येतो. तेव्हा खड्डा शेवटी पडला तर टेबल खाली, सुरुवातीलाच अडले किंवा उतार आला तर टेबल वर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

पातळी तपासण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे. यंत्राचा मुख्य वीजपुरवठा बंद करावा. सरळ कडेची एक लाकडी पट्टी जावक टेबलावर ठेवून तिचे टोक कटर ब्लॉकवर येऊ द्यावे आणि टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलीने खूण करावी. मग पट्ट्याच्या पुलीने ब्लॉक हाताने, कापण्याच्या दिशेने सावकाश फिरवावा. पाते पट्टीला स्पर्श करून तिला थोडे पुढे सरकवते. हे अंतर सुमारे ३ मिलिमीटर असावे. १०० मिलिमीटर व्यासाच्या ब्लॉकवर ३ मिलिमीटर सरकणे म्हणजे पाते टेबलाच्या वर केवळ ०.०२ मिलिमीटर आहे असा अर्थ होतो. पट्टी १० मिलिमीटर सरकली, तर पाते पाव मिलिमीटर वर आहे आणि टेबल तेवढे उचलणे आवश्यक आहे. हीच चाचणी डावीकडे, मध्ये व उजवीकडे आणि प्रत्येक पात्यावर करावी. पट्टी सर्व ठिकाणी सारखीच सरकली पाहिजे. पट्टी हलतच नसेल, तर ते पाते खाली बसले आहे. बाजारात यासाठी महागडी डायल उपकरणे मिळतात, परंतु ही पट्टी केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक दाखविते आणि तिला काही खर्च येत नाही.

पातळी बरोबर असूनही कडा सरळ येत नसतील, तर दोन्ही टेबले एकमेकांशी समांतर आहेत काय हे पाहावे. वर्षानुवर्षांच्या वापराने टेबलांच्या सरकत्या खाचा झिजतात आणि बाहेरची टोके खाली लोंबू लागतात. मग कटर ब्लॉकजवळ जणू टेकडी तयार होते आणि तिच्यावरून गेलेल्या फळीची कड मध्ये पोकळ होते. टोके वर उचललेली असतील, तर कड मध्ये फुगीर होते. ओळखण्यासाठी दोन फळ्यांच्या रंधलेल्या कडा एकमेकींवर उभ्या ठेवाव्यात. मध्ये प्रकाश दिसला तर कडा पोकळ, टोकांना दिसला तर फुगीर. झिजलेल्या खाचेत पातळ पत्र्याचे तुकडे घालून टेबल पूर्ववत करता येते. हे काम मात्र अनुभवी माणसाकडून एकदाच नीट करून घ्यावे. दर आठवड्यास अंदाजाने बोल्ट सैल-घट्ट करण्याने दोष वाढतो.

कड काटकोनात येत नसल्यास आधारपट्टी गुण्याने तपासावी. गुण्या टेबलाच्या मध्यावर नव्हे, तर कटर ब्लॉकशेजारी जावक टेबलावर लावावा, कारण आधारपट्टीला स्वतःचाच पीळ असू शकतो.

पाती काय सांगतात

रंधलेल्या पृष्ठभागाकडे तिरक्या प्रकाशात पाहिले, तर पात्यांची स्थिती वाचता येते. फळीच्या संपूर्ण लांबीभर एक बारीक उंच रेघ दिसत असेल, तर पात्याला त्या ठिकाणी खिळ्याने किंवा खड्याने खाच पडली आहे. पाती लगेच बदलण्याची गरज नसते. तीनपैकी एक पाते एखादा मिलिमीटर बाजूला सरकविले, तरी खाचा एका ओळीत राहत नाहीत आणि रेघ नाहीशी होते. अर्थात, पाते सरकविल्यानंतर वरील चाचणी पुन्हा करणे अनिवार्य आहे.

पृष्ठभागावर लाटांसारख्या आडव्या रेषा दिसणे हे आणखी एक लक्षण. त्यामागचे गणित सोपे आहे. ब्लॉक मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल आणि त्यावर तीन पाती असतील, तर मिनिटाला १३,५०० काप होतात. लाकूड मिनिटाला ९ मीटर वेगाने गेले, तर दर ०.६७ मिलिमीटरला एक काप पडतो. तो डोळ्यास जाणवत नाही. परंतु तीनपैकी एकच पाते वर असेल आणि उरलेली दोन नुसतीच फिरत असतील, तर हे अंतर २ मिलिमीटर होते व लाट स्पष्ट दिसते. म्हणजे लाट दिसली की प्रथम पात्यांची उंची तपासावी. वेग कमी करण्याचा विचार त्यानंतर.

लाकूड काळपट, तकतकीत निघणे, जळका वास येणे, मोटरचा आवाज जड होणे आणि ढलप्यांऐवजी बारीक पीठ पडणे ही सर्व बोथट पात्यांची लक्षणे होत. सागाच्या लाकडात सिलिका असते. हात लावता मऊ वाटणारे हे लाकूड त्यामुळे पात्यांची धार फार लवकर खाते. चंद्रपूर-बल्लारशाचा साग रंधणाऱ्यास आंबा किंवा पाइन रंधणाऱ्यापेक्षा अधिक वेळा धार लावावी लागते, यात पात्याच्या पोलादाचा दोष नाही. पॅकिंगच्या पेट्यांचे किंवा पाडलेल्या घरांचे जुने लाकूड रंधण्यापूर्वी तारेच्या ब्रशने साफ करून त्यावरून लोहचुंबक फिरवावे. लपलेला एक खिळा पात्यांचा संपूर्ण संच निकामी करतो.

लाकडाचे तुकडे उपटून खड्डे पडणे हा दोष मात्र बहुधा दिशेचा असतो. फळीच्या बाजूने पाहिले असता तंतू तिरपे गेलेले दिसतात. सरफेस प्लेनरवर हे तंतू फळीच्या मागच्या टोकाकडे खाली उतरत असावेत. त्यानंतर तीच फळी, रंधलेली बाजू खाली ठेवून, थिकनेस प्लेनरमध्ये घालताना टोकाची अदलाबदल करावी लागते, कारण तेथे पाती वरून कापतात. ही साधी गोष्ट अनेक कार्यशाळांत माहीत नसते आणि सरफेसवर गुळगुळीत निघालेली फळी थिकनेसमध्ये का फाटते, याचे कोडे पडते. बिबला, शिसम यांसारख्या लाकडांत तंतू आलटूनपालटून विरुद्ध दिशांना वळलेले असतात. तेथे कोणतीच दिशा पूर्ण अनुकूल नसते. धारदार पाती, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोली आणि संथ वेग एवढाच उपाय उरतो, आणि शेवटचा हात कागदाने मारावा लागतो.

पाती बसविताना बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूस, थोडे थोडे आवळावेत. एका संचातील पाती एकत्रच धार लावून सारख्या वजनाची ठेवावीत. वजनातील फरकाने ब्लॉक थरथरतो व बेअरिंग अकाली झिजते. दहा मिनिटे यंत्र मोकळे चालवून, बंद करून, बोल्ट पुन्हा एकदा तपासणे ही सवय जीव वाचविणारी आहे. सुटलेले पाते गोळीसारखे बाहेर येते.

थिकनेस प्लेनरच्या तक्रारी

या यंत्राची पहिली तक्रार म्हणजे फळीच्या दोन्ही टोकांना पडणारा खड्डा. फळी आत शिरताना ती फक्त पुढच्या रोलरखाली असते, बाहेर पडताना फक्त मागच्या. या दोन्ही क्षणी तिचे मोकळे टोक वजनाने खाली झुकते व कटरखालचे टोक वर उचलले जाते. लांब फळीला बाहेर स्टँडचा आधार देणे, टोक किंचित उचलून धरणे आणि अनेक फळ्या असल्यास एकीच्या शेपटीस दुसरीचे डोके लावून सलग सोडणे या उपायांनी खड्डा बराच कमी होतो. टेबलातील खालचे रोलर गरजेपेक्षा वर आले असतील तरी हाच दोष दिसतो. स्वच्छ कामासाठी ते टेबलापेक्षा अगदी नाममात्र उंच असावेत. एवढे करूनही सूक्ष्म खड्डा राहू शकतो, म्हणून जाणते कारागीर प्रत्येक फळी सुमारे १०० मिलिमीटर जास्त लांबीची घेऊन शेवटी टोके कापून टाकतात.

लाकूड मध्येच अडणे ही दुसरी तक्रार. येथे पुष्कळ जण लगेच रोलरच्या स्प्रिंग आवळतात. त्यापूर्वी टेबल पाहावे. पाइनची राळ आणि सागाचे तेल भुशाशी मिसळून टेबलावर व रोलरवर चिकट थर तयार होतो. केरोसीनच्या फडक्याने तो पुसून, पूर्ण वाळल्यावर टेबलावर मेणबत्तीचे मेण घासले, तर बहुतेक वेळा लाकूड सुरळीत सरकू लागते. सिलिकॉनचा फवारा मात्र वापरू नये. तो लाकडात उतरतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. त्यानंतरही अडत असेल, तर कटरमागची दाबपट्टी फार खाली आहे, पट्टा घसरतो आहे किंवा कापाची खोली जास्त आहे, या क्रमाने पाहावे.

रंधलेल्या बाजूवर ठरावीक अंतराने दातांचे ठसे दिसत असतील, तर ते पुढच्या दातेरी रोलरचे आहेत. काप इतका उथळ घेतला गेला आहे की ठशांची खोली त्यात निघून जात नाही. तेथे खोली थोडी वाढविणे हाच उपाय. विखुरलेले बारीक खळगे दिसल्यास मात्र ढलप्या परत फिरून मागच्या रोलरखाली चिरडल्या जात आहेत. भुसा खेचणाऱ्या पंख्याची पिशवी भरली आहे किंवा नळी तुंबली आहे. असे खळगे कागदाने घासण्याऐवजी ओल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरवून उचलता येतात, कारण तंतू कापलेले नसून दबलेले असतात.

फळीची एक कड दुसरीपेक्षा जाड येत असेल, तर टेबल कटर ब्लॉकशी समांतर नाही. दोन सारख्या पट्ट्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवून एकाच वेळी रंधाव्यात आणि त्यांची जाडी मोजावी. फरक किती व कोणत्या बाजूस हे लगेच कळते.

दोष लाकडाचा असेल तर

सकाळी सपाट रंधलेली फळी दुसऱ्या दिवशी वाकडी होणे यात यंत्राचा संबंध नसतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर ते आकसू लागते आणि हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. बाहेरून सुकलेल्या पण आतून ओल्या फळीचा वरचा थर काढला की ओला गाभा उघडा पडतो आणि फळी वळते. एकाच बाजूने जास्त थर काढल्यासही तसेच होते. म्हणून दोन्ही बाजूंनी साधारण सारखे लाकूड काढावे, अखेरच्या जाडीपर्यंत एकदम न जाता एक-दोन दिवस फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवाव्यात आणि मग शेवटचा हात घ्यावा.

लाकडातील पाणी मोजण्यासाठी मीटर नसला, तरी वजनकाटा आणि भट्टी पुरते. फळीच्या मधल्या भागातील एक तुकडा वजन करून १०३ अंश सेल्सिअसला, वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा. तुकडा ६२ ग्रॅमचा ५० ग्रॅम झाला, तर कोरड्या वजनाच्या तुलनेत पाणी २४ टक्के होते. अशा लाकडाचे कपाट करणे म्हणजे तक्रारीस आमंत्रण. किती पाणी चालेल हे ठिकाणावर अवलंबून आहे. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवेतील वार्षिक सरासरी आर्द्रतेनुसार चार विभाग केलेले आहेत. ४० टक्क्यांहून कमी, ४० ते ५०, ५० ते ६७ आणि ६७ टक्क्यांहून अधिक. कोकण किंवा केरळमध्ये योग्य ठरलेली फळी राजस्थानातील कोरड्या हवेत आकसते, हे दूरच्या ग्राहकाला माल पाठविणाऱ्याने विसरू नये.

विजेचे प्रश्न

तीन फेजच्या मोटरला दोन फेजची अदलाबदल झाली की ती उलट फिरते. खांबावरील दुरुस्तीनंतर किंवा यंत्राची जागा बदलल्यानंतर हे घडते. पात्याची धार लाकडास न लागता पाठ घासते, धूर निघतो आणि सुतार धार लावण्यास पाती काढतो. अशा प्रत्येक कामानंतर पट्टा उतरवून मोटर क्षणभर चालवून दिशा पाहावी. एक फेज गेली असताना मोटर गुरगुरते, ओढत नाही आणि काही मिनिटांत तिची वाइंडिंग जळते. फेज गेल्यास पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण मोटर पुन्हा गुंडाळण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. ग्रामीण भागात सायंकाळी विद्युतदाब उतरतो. त्या वेळी रुंद फळ्यांचे खोल काप टाळावेत.

बोटांचा प्रश्न

सरफेस प्लेनर हे सुतारकामातील अतिशय घातक यंत्रांपैकी एक आहे, आणि दोष शोधण्याच्या घाईतच अपघात होतात. कटरवरील झाकण ‘कामात आड येते’ म्हणून काढून ठेवलेले अनेक ठिकाणी दिसते. ते काढण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही. ३०० मिलिमीटरहून आखूड तुकडा सरफेस प्लेनरवर घेऊ नये. थिकनेस प्लेनरमध्ये तुकड्याची लांबी दोन रोलरमधील अंतरापेक्षा निश्चितपणे जास्त असावी. फळी दाबण्यासाठी मूठ असलेले लाकडी ठोकळे वापरावेत आणि हात कधीही कटरच्या बरोबर वर नेऊ नये. हातमोजे येथे संरक्षण देत नाहीत, उलट बोटे आत ओढून नेतात. लोंबता गमछा, ओढणी, सैल बाही यांचेही तेच. पातळी तपासताना केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. मुख्य जोडणी काढून प्लग नजरेसमोर ठेवावा, म्हणजे मुलगा किंवा मदतनीस अनवधानाने यंत्र चालू करणार नाही.

भुशाचा धोका सावकाश येतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. यंत्राच्या तोंडाशीच भुसा खेचणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी या दोहोंची गरज आहे. तोच पंखा, वर पाहिल्याप्रमाणे, फळीवरचे खळगेही थांबवितो.

बेंगळुरू येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था येथे लाकूड सुकविणे व यंत्रकाम यांविषयी मार्गदर्शन मिळते. परंतु लहान कार्यशाळेस रोजच्या रोज उपयोगी पडेल ती यंत्राशेजारी दोरीने बांधलेली वही. पाती केव्हा बसविली, कोणते लाकूड किती चालले, पट्टी किती मिलिमीटर सरकली आणि बेअरिंगला ग्रीस केव्हा दिले, एवढ्या चार नोंदी त्यात असाव्यात. पुढच्या वेळी लाट दिसली किंवा लाकूड अडले, तर तपासणी कोठून सुरू करायची हे त्या पानावरून कळते. आणि धार लावून तयार असलेला पात्यांचा दुसरा संच हाताशी असेल, तर यंत्र त्याच दुपारी पुन्हा सुरू होते.